सुपर ८ ची रिळं व्हिडिओवर घेताना

सुपर ८ म्हणजे घरगुती चित्रीकरणाची जुनी ८ मिलिमीटर फिल्म. डबा उघडला की मी आधी वास घेतो. व्हिनेगरसारखा आंबूस भपका आला तर अ‍ॅसिटेट (फिल्मचं पारदर्शक प्लास्टिक) सडायला लागलंय. अशी फिल्म आकसते, कडेची भोकं प्रोजेक्टरच्या नखीत (फिल्म पुढे ओढणाऱ्या आकड्यात) नीट बसत नाहीत आणि फाटतात. ती दात नसलेल्या स्कॅनरवरच द्यावी. मग फिल्म कुठली ते कळायला भोकं बघायची: सुपर ८ मध्ये ती बारीक आणि चित्राच्या मध्याशी, जुन्या रेग्युलर ८ मध्ये मोठी आणि दोन चित्रांच्या सांध्यावर.

बाकीच्या रिळांना साधा तीन पात्यांच्या शटरचा, वेग कमीजास्त करता येणारा प्रोजेक्टर पुरतो; पडद्यावर पडलेलं चित्र कॅमेऱ्याने टिपायचं. गेटमधला (फिल्म दिव्यासमोरून जाते त्या चौकटीतला) केस आणि कचरा मऊ ब्रशने काढायचा, रबरी पट्टा चिकट झाला असेल तर बदलायचा. फिल्म मखमलीच्या कोरड्या फडक्यातून हळू फिरवायची. पाणी अजिबात नको, इमल्शन, म्हणजे फिल्मवरचा चित्राचा थर, फुगतं.

खरी डोकेदुखी लुकलुकण्याची. फिल्मचा नेहमीचा वेग सेकंदाला १८ चित्रं, गुणिले शटरची तीन पाती म्हणजे प्रकाशाचे ५४ झपके; आपला व्हिडिओ सेकंदाला ५० फ्रेमचा. फरक चारचा, म्हणून पडदा सेकंदाला चार वेळा धडधडतो. वेग १६⅔ वर आणला की बरोबर ५० झपके होतात. प्रोजेक्टर दहा मिनिटं रिकामा चालवून गरम करायचा, नाहीतर वेग मध्येच सरकतो. कॅमेरा ५० फ्रेमवर, शटर १/५०, फोकस, एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स हाताने लावून कुलूपबंद. ऑटोवर ठेवलात तर प्रत्येक अंधाऱ्या दृश्यात चित्र पांढरं फटक पडतं. आता कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर नजर ठेवून वेगाचं बटण तसूभर फिरवायचं. धडधड मंदावत जाते आणि एका जागी थांबते. घड्याळाचा ताळा: ५० फुटांत ३६०० चित्रं, म्हणजे रीळ ३ मिनिटं ३६ सेकंदांत संपलं पाहिजे.

पडदा म्हणून मॅट पांढरा कार्डशीट, चित्र फार तर वीतभर रुंद. मोठं केलं की प्रकाश पातळ होतो. कॅमेरा प्रोजेक्टरच्या लेन्सला जितका खेटून तितकं चित्र कमी तिरकं. फिल्म अडकली तर आधी दिवा बंद, मग बाकीचं. थांबलेली फिल्म क्षणात जळते.

संकलनात वेग १०८ टक्के केला की माणसं पुन्हा नेहमीच्या चालीने चालतात. कडेला आवाजाची चुंबकीय पट्टी असेल तर आवाजाचा वेगही त्याच फाइलबरोबर वाढवायचा, वेगळा नाही. नाहीतर ओठ आणि शब्द जुळत नाहीत.