बीकॉमचं धरलं का?

३० सप्टेंबरला आमच्या ऑफिसात लग्नघराची कळा असते. मी सॅन होजेच्या बाजूला एका कम्युनिटी कॉलेजात काउन्सेलर आहे. इथे युनिटमागे ४६ डॉलर भरून पहिली दोन वर्षं उरकायची आणि मग विद्यापीठात थेट तिसऱ्या वर्षाला जायचं, हा कॅलिफोर्नियातला रुळलेला रस्ता. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचे सहा कॅम्पस तर ठरलेले विषय आणि ग्रेड्स असतील तर प्रवेशाची हमीच देतात. तिला सगळे 'टॅग' म्हणतात. बर्कली त्यात नाही, हे मला दिवसातून दहादा सांगावं लागतं. टॅगचा अर्ज सप्टेंबरातच भरायचा. तीस तारखेच्या रात्री बारा वाजले की दार बंद.

गेल्या खेपेला त्याच दिवशी दुपारी चारच्या सुमारास एक बाई आल्या. चाळिशीच्या, सोबत यजमान. अर्ज तयार होता, फक्त नजरेखालून घालायचा होता. सांताक्रूझचा कॅम्पस, अर्थशास्त्र. अकाउंटिंगच्या दोन्ही कोर्सांत ए. रोज हायवे १७चा घाट ओलांडून जायची-यायची तयारी. आडनाव बघून मी मराठीत बोलले, तसे यजमान खुलले.

"हिचं तिकडे बीकॉम झालंय हो, कोल्हापूरला. इथे धरत नाहीत म्हणून बिचारी पहिल्यापासून करतेय."

माझा माउसवरचा हात तिथेच थांबला. अर्जात 'इतर कॉलेजं' या रकान्यात काहीच नव्हतं. जगात कुठेही, कितीही दिवस कॉलेज केलं असेल तर ते लिहावंच लागतं. दडवलेलं नंतर उघडकीला आलं तर मिळालेला प्रवेशही जातो. आणि पदवी झालेली असेल तर टॅग मिळतच नाही. म्हणजे दोन्हीकडून वांधे.

बाईंचा चेहरा पांढराफटक पडला होता. मी यजमानांना बाहेर बसायला सांगितलं आणि दार लावून घेतलं.

"ताई, खरंच झालंय बीकॉम?"

बराच वेळ त्या टेबलावरच्या स्टेपलरकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "एफवायला एटीकेटी लागली. एसवाय अर्ध्यावर असताना स्थळ आलं. बायोडेटात दादानं बीकॉम लिहिलं, नि मग तेच चालत आलं. एकोणीस वर्षं."

मला हसू आलं, ते दाबलं. म्हटलं, "अहो, नाही झालं तेच बरं झालं! झालं असतं तर आज तुमचा टॅग गेला असता." त्यांना ते पटेना. मी नियमाचं पान उघडून दाखवलं. ते त्यांनी दोनदा वाचलं.

आता गुणपत्रिका हवी होती. आमचे साडेचार म्हणजे कोल्हापुरात पहाटेचे पाच. वहिनींनी फोन उचलला तो घाबरूनच.

"वन्सं, एवढ्या पहाटे? बरं हाय न्हवं सगळं?"

कपाट, मग ट्रंक, मग लग्नाच्या अल्बमखालची फाइल. अर्ध्या तासानं व्हॉट्सअॅपवर फोटो आला. घडीच्या जागी फाटलेला, पिवळा पडलेला कागद, वर माहेरचं नाव. अकाउंटन्सी : २८. भोवती कुणीतरी लाल पेनानं गोल केलेला.

"हे अठ्ठावीसही लिहायचे?"

"जसेच्या तसे. इथल्या ग्रेडमध्ये बदलायचेही नाहीत."

त्यांनी एकेक आकडा स्वतःच्या हातानं भरला. २८ टाईप करताना दोन हा आकडा त्यांना कीबोर्डवर सापडेना. वहिनी अजून फोनवर होत्या. "पण हे मार्क आता कशाला लागायला लागलेत?" असं दोनदा विचारून झालं होतं.

सहा वाजायला आले होते. बाहेर अजून चार मुलं ताटकळत बसली होती, त्यातल्या एकाला बर्कलीच हवं होतं. विद्यार्थ्याच्या रेकॉर्डबद्दल आम्ही नवऱ्यालाही अवाक्षर सांगू शकत नाही, १९७४ पासूनचा कायदा आहे. तो मला मनापासून आवडला असा तो बहुधा पहिलाच दिवस.

दार उघडलं तसे यजमान उठले. "झालं? बीकॉमचं धरलं का त्यांनी?"

मी प्रिंटरकडे वळले.

"धरलं," बाई म्हणाल्या. "सगळं धरलं. चला, गाडीत सांगते."