डावीकडून दुसरा

मे महिन्यात ग्वाल्हेरला जाऊ नये. झेलम एक्स्प्रेस साडेतीन तास लेट, स्टेशनबाहेर पाऊल टाकताच लू थोबाडीत मारते, आणि लष्कर भागात आत्याच्या घरी पोचेपर्यंत किल्ला बघायची माझी हौस फिटली होती. (दुसऱ्या दिवशी सकाळी तासाभरात उरकला. जयविलास राजवाड्यातली चांदीची आगगाडी पाहिली. झालं.)

आत्या म्हणजे बाबांची चुलतबहीण, वय 78. "आला तू? बस. आधी पन्हं पी, मग बोल." पाचवी पुरी नको म्हटलं की तिला ऐकूच येत नाही. तेवढं सोडलं तर कान तिखट आहेत.

मी गेलो होतो पणजोबांच्या फोटोसाठी. पहिल्या महायुद्धात ते बसऱ्याला गेले होते, एवढंच आमच्याकडे ठाऊक. परत आले, आणि 1918 च्या साथीत पणजी आणि ते दोघंही गेले. मागे मुलं तीन आणि एक वर्षांची. चेहरा आठवणारं कुणी उरलंच नाही. बैठकीत चंदनाच्या हारात जाड मिशांचे, फेट्यातले पणजोबा आहेत. ते ज्यातून मोठे करून घेतले तो ग्रुप फोटो आत्यानं ट्रंकेतून काढला. बोटीच्या कठड्याशी पाच जण, मागे बुडत्याला फेकायचं गोल कडं. कड्यावर वाय, टी, मग काहीतरी वाकडं, ए, वाय, ओ, पुन्हा तेच वाकडं. माझे आजोबा म्हणायचे, तुर्की बोट असेल.

आत्यानं तीस वर्षं शिवणक्लास चालवला. चष्मा पुसून म्हणाली, "ह्या लोकांची बटणं बायकांसारखी का रे?"

खरंच की! पुरुषांच्या कोटाची डावी पट्टी वर येते. इथे पाचही जणांची उजवी. मी मोबाइलवर फोटो काढून आडवा उलटा केला आणि कड्यावर सरळ वाचता आलं: लॉयल्टी. वाय, टी, ए, ओ आरशातही तशीच दिसतात. चुगली केली ती दोन एलनी.

म्हणजे घरचीच बोट! 'एम्प्रेस ऑफ इंडिया' ही जुनी प्रवासी बोट ग्वाल्हेरचे तेव्हाचे महाराज माधवराव शिंद्यांनी 1914 च्या अखेरीस विकत घेतली आणि जखमी हिंदी सैनिकांसाठी ती इस्पितळ बोट झाली. नाव ठेवलं लॉयल्टी. 1919 साली तीच वालचंद हिराचंदांच्या सिंदिया स्टीम नेव्हिगेशनकडे गेली आणि 5 एप्रिलला मुंबईहून लंडनला निघाली. तो दिवस आपण राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतो. मी हे सगळं जोशात सांगत होतो. आत्या गप्प.

"पत्र आण," म्हणाली. पणजोबांचं मोडीतलं पत्र, खाली तिच्या वडलांनी बालबोधीत उतरवलेलं. त्यात एक ओळ: 'बोटीवर काढलेला फोटो पाठवितो. डावीकडून दुसरा मी.'

मूळ फोटो वाळवीनं खाल्ला. त्याआधी कुणा फोटोवाल्यानं त्याची कॉपी काढताना निगेटिव्ह उलटी छापली असणार. आणि घरच्यांनी ओळीप्रमाणे डावीकडून दुसरा मोजून मोठा करून घेतला. खरे पणजोबा पलीकडच्या टोकाकडून दुसरे: हडकुळे, मिशीही धड न फुटलेली, डोळे उन्हानं बारीक केलेले.

"मग हा कोण?" आत्या भिंतीकडे बघत म्हणाली. "दर पितृपक्षात ह्याच्यासमोर खीर ठेवली मी."

मला हसू येत होतं आणि हसायची सोय नव्हती. काढून ठेवू का, असं पुटपुटलो.

"कशाला? पन्नास वर्षं घरचं खाल्लंय त्यानं."

संध्याकाळी महाराज बाड्याजवळून पणजोबांची प्रिंट मोठी करून आणली. फ्रेमवाल्यानं उगाच साडेतीनशे घेतले. खिळा ठोकायचं काम माझ्याकडे आलं. दोनदा पोपडा निघाला. खाली उभी राहून आत्या सांगत होती, "अजून थोडा डावीकडे. नाही रे, माझ्या डावीकडे."