तुम्ही विचारलंत म्हणून: विश्वाला ढकलतंय कोण?

साताऱ्यात मी फिजिक्स शिकवतो हे कळलं की पोवई नाक्यावर चहा पितानाही हा प्रश्न येतोच, "सर, विश्व जोरात पसरत चाललंय म्हणतात, मग ढकलतंय कोण?"

नक्की कुणालाच माहीत नाही. 1998 मध्ये दोन टीमना लांबचे सुपरनोव्हा, म्हणजे स्फोट होणारे तारे, अपेक्षेपेक्षा फिकट दिसले, म्हणजे ते जास्त लांब आहेत, म्हणजे पसरण्याचा वेग वाढतोय, 2011 ला त्यावर नोबेलही मिळालं. सगळ्यात सोपं उत्तर म्हणजे आइन्स्टाईनचा 1917 चा लॅम्डा, रिकाम्या जागेचीच एनर्जी, कधी न बदलणारी. पण क्वांटम थिअरीने ढोबळ हिशोब केला तर आकडा प्रत्यक्षापेक्षा साधारण 120 शून्यांनी मोठा येतो. माझ्या वर्गात असं उत्तर आलं तर मी पेपर परत देईन!

म्हणून काही लोक स्केलर फील्ड आणतात. स्केलर म्हणजे प्रत्येक जागी नुसता एक आकडा, दिशा नाही, म्हणजे महाबळेश्वरचं तापमान चालेल पण चाळकेवाडीच्या पवनचक्क्या फिरवणारा वारा नाही चालणार. असं एक फील्ड अख्ख्या विश्वात आहे आणि ते पोटेन्शियलच्या, म्हणजे त्याच्यात साठलेल्या एनर्जीच्या, उतारावरून हळूहळू खाली येतंय असं धरा, हळू का, तर विश्वाचं पसरणंच त्याला ब्रेक लावतं. सरकण्याची एनर्जी कमी आणि पोटेन्शियलची जास्त असली की दाब निगेटिव्ह होतो, आणि तो पुरेसा निगेटिव्ह झाला की जनरल रिलेटिव्हिटीत ग्रॅव्हिटी ओढायचं सोडून ढकलायला लागते. दाब भागिले घनता म्हणजे डब्ल्यू, लॅम्डाचा कायम -1, फील्डचा त्याच्या जरा वर आणि बदलणारा. गंमत म्हणजे रात्रा-पीबल्स ही जोडी आणि वेटरिक या शास्त्रज्ञांनी हे 1988 लाच लिहिलं होतं, सुपरनोव्हाच्या दहा वर्षं आधी. आपल्या पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत पद्मनाभननी 2002 मध्ये टॅकियॉन नावाच्या वेगळ्या प्रकारच्या स्केलर फील्डवर असंच काम केलं.

मला यात खटकतं ते एकच, पोटेन्शियलचा आकार तुम्हीच निवडायचा, मग काय, जवळजवळ कुठलाही डेटा बसवता येतो.

आता गॅलेक्सींचा नकाशा काढणाऱ्या डेसी सर्व्हेच्या 2025 च्या निकालात डब्ल्यू बदलतोय असा इशारा मिळालाय, सोबत कुठला सुपरनोव्हा डेटा घेता त्यावर 2.8 ते 4.2 सिग्मा (निकाल नुसता योगायोग नाही याची खात्री मोजायचं माप), म्हणजे शोध म्हणायला लागणाऱ्या 5 च्या आतच. आणि त्यांच्या फिटमध्ये पूर्वी डब्ल्यू -1 च्याही खाली होता, जे साध्या एकट्या फील्डला जमतच नाही, दोन फील्ड घ्या नाहीतर ग्रॅव्हिटीतच काहीतरी बदला. तोवर माझी पैज लॅम्डावरच, त्या 120 शून्यांसकट.