गव्हाच्या शेतातलं जहाज

बाबा रेल्वेत गार्ड होते, मिरज जंक्शनला. त्यामुळे गाव कुठलंही असो, ते आधी स्टेशन बघतात. कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतात रिजायना शहराहून मूस जॉ या गावाला जायचं ठरलं तेव्हाही पहिला प्रश्न तोच, "गाडी थांबते का तिथं?"

नाही थांबत. सत्तर-एक किलोमीटरचा सरळसोट रस्ता, दोन्ही अंगांना फुललेली पिवळीधमक कॅनोला, मधूनच एखादं उंच धान्याचं कोठार. तास पुरा व्हायच्या आत आम्ही मूस जॉच्या १९२२ सालच्या स्टेशनासमोर उभे होतो. इमारत देखणी, मनोरा अजून ताठ. मालगाड्या धडधडत जातात, पण प्रवासी गाडी १९९० पासून इकडे फिरकलेली नाही. बाबा रुळांकडे बघत बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "जंक्शन होतं हे. यार्ड बघ किती मोठं आहे."

त्यांचा अंदाज बरोबर होता. कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेचे रूळ १८८२ मध्ये इथं पोचले आणि त्यांच्याबरोबर गाव आलं. १८९३ मध्ये अमेरिकेकडून सू लाइन ही रेल्वे येऊन मिळाली आणि मूस जॉ थेट शिकागोच्या वाटेवर आलं. आज वस्ती तेहतीस-चौतीस हजारांची, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. पण या गावात बघण्यासारखं इतकं आहे की एका दिवसात मावत नाही.

जमीन नोंदणीची जुनी कचेरी अजून उभी आहे, आता तिथं चित्रांचं दालन आहे. प्रेअरीची, कोठारांची, बर्फातल्या घरांची चित्रं. पण माझं लक्ष भिंतीवरच्या चित्रांपेक्षा भिंतींकडेच जास्त होतं. १८७२ च्या कायद्यानं दहा डॉलर फी भरली की एकशेसाठ एकर जमीन मिळायची. तीन वर्षांत घर बांधायचं, जमीन कसायची, मग ती नावावर. बाबांनी मनातल्या मनात हिशेब केला. आमची साताऱ्याकडची जमीन चार भावांत मिळून साडेतीन एकर. "आणि आधी कुणाची होती ही?" त्यांनी विचारलं. क्री, सोतो, असिनिबोइन लोकांची. १८७४ मध्ये फोर्ट कॅपेल इथं सरकारशी झालेल्या चौथ्या कराराखाली ही सगळी भूमी येते. पुढच्या प्रत्येक दालनात बाबांच्या त्या प्रश्नाची आठवण होत राहिली.

क्रेसेंट पार्कमधलं संग्रहालय आणि कलादालन छोटंसं आहे. बागेतून चालत जायचं, शेजारी वाचनालय. तिथं अमेरिकेतल्या मूळ रहिवासी लकोटा जमातीच्या बायकांचं मणीकाम बघितलं. चामड्यावर इतके बारीक मणी, इतक्या घट्ट ओळीत, की चश्मा पुसून पुन्हा बघावं. १८७६ च्या लिटल बिगहॉर्नच्या लढाईनंतर अमेरिकी सैन्य मागे लागलं आणि लकोटा लोक सीमा ओलांडून इकडे आले. त्यांचा नेता सिटिंग बुल १८७७ मध्ये इथून दक्षिणेला, वुड माउंटनला पोचला. गवे संपत चालले होते, उपासमार सुरू झाली, आणि १८८१ मध्ये तो परत गेला. काही कुटुंबं मात्र मागेच राहिली. त्यातली काही या गावाच्या कडेला तंबू टाकून राहायची, गावात पडेल ते काम करायची. करारात त्यांना जागा नव्हती, कारण ते 'पलीकडचे'. तिथल्या एका मोकॅसिनची, म्हणजे मणीकाम केलेल्या चामडी जोड्याची, टाच झिजलेली होती. म्हणजे ते पायात घालून कुणी खूप चाललं होतं. मला त्या झिजलेल्या टाचेपासून हलवेना.

दुपारी मुख्य रस्त्याखालच्या बोगद्यांत उतरलो. मूस जॉला येणारे बहुतेक लोक यासाठीच येतात. वेशभूषा केलेले कलाकार हाताला धरून तुम्हाला गोष्टीत ओढतात. एक फेरी दारूबंदीच्या काळातल्या चोरट्या व्यापाराची आणि शिकागोचा गुंड अल कपोन याची. दुसरी चिनी मजुरांची. आम्ही दुसरी घेतली. बसकं छत, ओळीनं मांडलेल्या फळ्यांच्या खाटा, धोबीखान्याची वाफ. कलाकारांचं काम मनापासूनचं होतं. तरीही सांगायला हवं की कपोन इथं आल्याचा कागदोपत्री पुरावा नाही, आणि चिनी लोक जमिनीखाली दडून राहात असत यालाही इतिहासकार मान्यता देत नाहीत.

मला याचं वाईट वाटलं, कारण खरी गोष्ट या गावाकडे आहे आणि ती जमिनीच्या वर घडली. क्वाँग विंग हा मूस जॉमधला उपाहारगृहाचा चिनी मालक. ब्रिटिश नागरिकत्व घेतलेला. १९१२ मध्ये सस्कॅचेवान प्रांतानं कायदा केला की चिनी माणसाच्या दुकानात, खानावळीत, धोबीखान्यात गोऱ्या बाईला कामाला ठेवता येणार नाही. त्याच्याकडे दोन गोऱ्या वेट्रेस होत्या. त्याला दोषी ठरवलं. तो गप्प बसला नाही, लढत लढत देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९१४ मध्ये तिथंही हरला. न्यायमूर्ती आयडिंग्टन यांनी एकट्यानं विरोधी मत दिलं. ज्या देशानं त्या काळी चिनी माणसाकडून आत यायलाच पाचशे डॉलर डोईपट्टी घेतली, त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयात एक हॉटेलवाला उभा राहिला. अंधारात लपलेल्या माणसापेक्षा हा माणूस मला कितीतरी मोठा वाटतो. नागरिकत्वाचा कागद माझ्याही घरी कपाटात आहे, म्हणूनही असेल.

वाहतुकीच्या संग्रहालयात बाबा रमले. वाफेची इंजिनं, स्नोबर्ड्स या हवाई कसरतपथकाची विमानं, जुन्या मोटारी. गार्डचा कंदील दिसल्यावर त्यांनी मला तो हलवण्याच्या खुणा समजावून सांगितल्या, तेव्हा शेजारचं एक गोरं कुटुंबही थांबून ऐकू लागलं. मॅक नावाच्या प्रचंड मूसच्या, म्हणजे मोठ्या शिंगांच्या हरणाच्या, पुतळ्यापाशी फोटो काढला. १९८४ पासून तो जगातला सर्वांत उंच मूस; २०१५ मध्ये नॉर्वेनं त्याहून उंच उभारला, तर २०१९ मध्ये मूस जॉकरांनी याला नवी शिंगं बसवून मान परत मिळवला.

आणि मग गावाच्या दक्षिणेला तेरा किलोमीटरवर सुकानेन जहाजाचं संग्रहालय. जुन्या शाळा, दुकानं, चर्च, उचलून आणून मांडलेलं एक अख्खं खेडं. कॅनडाचे एकेकाळचे पंतप्रधान जॉन डीफनबेकर यांचं बालपणीचं घरही तिथं आहे. पण आवारात शिरताच दिसतं ते जहाज. चहूकडे गवत, वर आभाळ आणि मधोमध समुद्रावर जाणारं जहाज.

टॉम सुकानेन हा फिनलंडचा शेतकरी. अमेरिकेत मिनेसोटात संसार होता. तो सोडून १९११ च्या सुमारास चालत इकडे आला आणि मॅक्रोरीजवळ जमीन घेतली. काही वर्षांनी बायकोमुलांना आणायला पुन्हा चालत मिनेसोटाला गेला, तर बायको वारलेली, मुलं दुसऱ्यांच्या घरी. मूल घेऊन निघाला तर त्याला अडवून परत पाठवलं. तिशीच्या दशकात दुष्काळानं शेतं धुळीत उडत होती तेव्हा हा माणूस शेतात जहाज बांधत होता. दक्षिण सस्कॅचेवान नदी, मग विनिपेग सरोवर, नेल्सन नदी, हडसनचा उपसागर, आणि तिथून घर. लोखंडाचे पत्रे स्वतः ठोकले, फळ्या जोडल्या, सांधे बुजवायला घोड्याचं रक्त वापरलं. जहाजाचं नाव सोंतियाइनेन, म्हणजे शेणकिडा. मग ते तीन तुकड्यांत नदीकडे ओढत न्यायचं. शेजारी त्याला वेडा म्हणायचे. पुढे त्याला मनोरुग्णालयात नेलं आणि १९४३ मध्ये तो तिथंच वारला. जहाज पाण्याला कधी लागलंच नाही. कितीतरी वर्षांनी लोकांनी ते इथं आणलं, जोडलं, आणि त्याची माती आणून शेजारी पुरली.

थडग्यापाशी बाबांनी टोपी काढली. मग जहाजाच्या पोटाला हात लावून उभे राहिले. पत्रा उन्हानं तापला होता.

"नदी कुठल्या अंगाला?"

मी फोनवर नकाशा काढून वायव्येकडे बोट दाखवलं. तो जहाज बांधत होता तिथून नदी होती त्याहूनही आता ती लांब आहे.

बाबा त्या दिशेला बघत राहिले. तिकडे नुसता गहू होता, वाऱ्यावर वाकणारा. जरा वेळानं त्यांनी विचारलं, "माझं परतीचं तिकीट कितव्या तारखेचं आहे गं?"

"अजून एकवीस दिवस आहेत, बाबा."

"बरं," म्हणाले, आणि टोपी डोक्यावर घातली.