अभिषेकी १९६४ ते ६७: चारुकेशीचा धैवत बसला एकदाचा!

मंडळी, जितेंद्र अभिषेकींनी १९६४ ते ६७ मध्ये संगीत दिलेल्या नाटकांतली पदं मी पेटीवर बसवतोय, त्यातलं चारुकेशी रागातलं 'हे सुरांनो चंद्र व्हा' सुटलं! मागच्या अपडेटमध्ये गाडी तिथेच अडकलेली. पेटीवर सूर बरोबर, बोटं बरोबर, पण अभिषेकीबुवांच्या रेकॉर्डिंगबरोबर वाजवायला घेतलं की कोमल धैवत असा टोचायचा की भाता लावून टाकावासा वाटायचा.

'मत्स्यगंधा'ची (१९६४) नोटेशन्स मधल्या काळात पूर्ण झाली, 'गुंतता हृदय हे' आता न बघता वाजतं आणि गायक रामदास कामतांच्या जागा (गाण्यातल्या खास हरकती) हाताखाली यायला लागल्यात, त्याचा आनंद वेगळाच. पण ते सविस्तर नंतर, आज फक्त धैवत.

फोंड्यात पावसाळ्यात पेटीचं काय होतं ते तुम्हाला माहीत आहेच, म्हणून आधी सगळा दोष दमट हवेला दिला. एका दुकानात ट्यूनिंगला दिली तर त्यांनी मशीन लावून सगळे सूर एकसारखे करून परत दिली, पैसे घेतले, धैवत होता तिथेच. मशीनप्रमाणे तो बरोबरच होता ना! खरी गोम तीच आहे. पेटीचे बारा सूर सारख्या अंतरावर बसवलेले, त्यात शुद्ध गंधार सा पासून ४०० सेंटवर (सेंट म्हणजे लागोपाठच्या दोन सुरांमधल्या अंतराचा शंभरावा भाग), आणि तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून जो गंधार आपोआप ऐकू येतो तो ३८६ च्या आसपास. म्हणजे पेटीचा गंधार १४ सेंट चढा. कोमल धैवताचं नेमकं उलटं, पेटीवर ८००, तंबोऱ्याशी जुळणारा ८१४, म्हणजे तेवढाच उतरलेला. ऑडॅसिटीत गाणं स्लो करून परत परत ऐकलं तेव्हा माझ्या कानाला तरी बुवांचा धैवत तंबोऱ्याच्या बाजूलाच लागला. (स्लो करायला फुकटातलं ऑडॅसिटीच घ्या, सूर न बदलता लय कमी होते, पैसेवाल्या ॲप्सची काही गरज नाही.)

मग वहीत चारुकेशीची अंतरं मांडून बसलो आणि अंगावर काटाच आला. सा रे ग म प शुद्ध, ध नि कोमल. सा पासून वर जाताना सुरासुरांतली अंतरं (दोन सूर पुढे म्हणजे पूर्ण, एक म्हणजे अर्धं): पूर्ण, पूर्ण, अर्धं, पूर्ण, अर्धं, पूर्ण, पूर्ण. आता तार सा पासून खाली या. तेच! सा ते ग जेवढं, तेवढंच कोमल ध ते तार सा. म्हणजे गंधार जेवढा उतरवायचा तेवढाच धैवत चढवायचा, एकटा धैवत सुधारून भागणार नव्हतंच.

घरातली जुनी पेटी काढली (पालिताण्याचे रीड, म्हणजे सूर देणाऱ्या पितळी जिभा, आहेत, माझ्या मते त्यांना तोड नाही). माझा सा काळी एक (सप्तकातली पहिली काळी पट्टी), म्हणून गंधार पांढरी चार आणि धैवत पांढरी सहा. रीडच्या टोकाकडे अगदी हलकं खरवडलं की सूर चढतो, बुडाकडे खरवडलं की उतरतो. खर्ज आणि नर (खालच्या आणि मधल्या सप्तकाच्या) दोन्ही रीडच्या ओळी जुळवायला लागतात, नाहीतर दोघांच्या मध्ये लाट (आवाजाचं हेलकावणं) येते. रीडखाली पातळ पत्रा सरकवून, दोन हात मारायचे, परत बसवायचं, तंबोरा लावून ऐकायचं. शेवटी ती लाट विरत गेली आणि सा वर धैवत असा स्थिर उभा राहिला की मी नुसता भाता मारत ऐकत बसलो. ही पेटी आता फक्त काळी एकची, दुसऱ्या पट्टीत ती बेसूरच बोलणार, चालेल.

यातून या चार वर्षांकडे बघायची माझी नजर बदलली. 'अभिषेकींनी संगीत नाटकाला नवसंजीवनी दिली' हे आपण सगळेच म्हणतो, पण ते नुसतं जुन्याला पाणी घालणं नव्हतं. मंगेशीचं कीर्तन लहानपणापासून कानात, जगन्नाथबुवा पुरोहितांची आग्रा घराण्याची तालीम, आणि १९६६ ला 'ययाति आणि देवयानी'त हा माणूस 'हे सुरांनो'मधून चारुकेशी हा मुळात दक्षिणेकडचा राग नाट्यपदात आणतो, तोही असा की ऐकणाऱ्याला परका वाटत नाही. राग आधी दिसत नाही, पात्र दिसतं.

आता पुढे 'लेकुरे उदंड जाली' हे नाटक घ्यायचं ठरलेलं, पण हे लिहिता लिहिताच वाटतंय की सरळ 'कट्यार काळजात घुसली'वर (१९६७) उडी मारावी. 'घेई छंद मकरंद'च्या दोन चाली, एक सालगवराळी रागात, एक धानी रागात, शब्द तेच. आत्ताच पट्ट्यांवर बोटं ठेवून बघितलं, सा, कोमल ग, प, कोमल नि हे चार सूर दोन्हीकडे आहेत! सालगवराळीत मध्यम नाही, कोमल रे आणि शुद्ध ध आहेत, धानीत रे-ध नाहीत, मध्यम आहे. नाटकात दोन घराण्यांचं भांडण आणि चार सूर सामायिक. हे बुवांनी ठरवून केलं असणार असं मला फार वाटतंय, म्हणून दोन्ही चाली एकाखाली एक लिहून काढणार. 'लेकुरे' थांबेल.

कोणाकडे 'कट्यार'च्या प्रयोगातलं, मैफिलीतलं नव्हे, रेकॉर्डिंग असेल तर सांगा. मैफिलीत आलापी वाढते, मूळ चाल कुठे संपते तेच कळत नाही. आणि सालगवराळीत कोमल ग वरून प वर जाताना तुम्ही कुठलं बोट वापरता तेही लिहा, माझी अनामिका तिथे सारखी उशिरा पोचतेय.