वहीत नसलेली मुलगी

चोपड्याच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी, दिवाळीनंतर कापूस वेचणीचा जोर असतो. मी तिथे एका कंपनीच्या कापूस प्रकल्पात फील्डवर काम करतो. यादीतल्या शेतकऱ्यांची शेतं पाहायची आणि टॅबवर फॉर्म भरायचा. ‘बालमजूर आढळले का?’ यापुढे तीन हंगाम मी ‘नाही’ लिहीत आलो.

एरवी मी दुपारीच निघतो. त्या बुधवारी संध्याकाळपर्यंत थांबलो. बांधावर काटा टांगला होता. एका पावरा आदिवासी बाईच्या नावापुढे ४३ किलो लिहिले गेले, आदल्या दिवशी ४४. बाकीच्या बाया तिशीच्या आसपास. तिच्या मागे अकराएक वर्षांची मुलगी उभी होती. कमरेला ओटी, बोंडांच्या सुक्या टोकांनी बोटं ओरबाडलेली. मायलेकींचं गाठोडं एकच, काट्यावर एकदाच चढलं. वहीत मुलगी नव्हतीच. तीन वर्षं मी हीच वही तपासत होतो, याची मला फार लाज वाटली.

“ती मायसंगे उनी शे भाऊ, मी तिले कामले लायेल नही,” शेतकरी नाना म्हणाले. ते खोटं बोलत नव्हते. मजुरी किलोवर, माणसावर नाही.

मी ‘होय’ लिहिलं. दुसऱ्या दिवशी मुंबईहून साहेबांचा फोन : “कुटुंबाला मदत असं टाका, कायद्यात सूट आहे.” सूट आहे, पण ती कुणाला? १९८६ च्या कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली आणि १४ वर्षांखालच्या मुलांना सगळ्याच कामांवर बंदी आली. सूट आहे ती घरच्या कामात मदतीला, तीही शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत. परक्याच्या शेतात, शाळेच्या दिवशी, किलोवर वेचणं त्यात बसत नाही. मी फॉर्म बदलला नाही.

मग कंपनीने नानांचं नाव यादीतून काढलं. आठ दिवसांनी मुलगी शेजारच्या शेतात वेचत होती. तो शेतकरी आमच्या यादीतच नाही, पण त्याचा कापूस त्याच जिनिंगला, म्हणजे सरकी काढून रुईच्या गाठी बांधणाऱ्या कारखान्याला जातो. १७० किलोच्या एका गाठीला पाच क्विंटलच्या आसपास कापूस लागतो. त्यात कुणी वेचलेला कुठला, हे कोण सांगणार? हात झटकणं मला मान्य नाही. मजुरीत पैसे घालायला हवेत, आणि ते खरेदीदाराने घालायला हवेत.

मुलगी आश्रमशाळेतली. दिवाळीला घरी आली, तेवढ्यात आईबाप वेचणीला खाली उतरले आणि तिची शाळा राहिली. मी मुख्याध्यापकांशी बोललो. ते परत घ्यायला तयार होते. आईला तसं सांगायला गेलो.

“धाडते भाऊ,” ती म्हणाली. “पण हिचे रोजचे अकरा किलो?”

किलोला दहा रुपये. मी ११० हा आकडा, वेचणीचे उरलेले दिवस आणि आमच्या गटातल्या अशा नऊ घरांची यादी त्याच रात्री मुंबईला पाठवली.