सोमवारचं मिल्किंग : माझा अनुभव

टेक्नेशियम-९९एम, म्हणजे स्कॅनसाठी रुग्णाला टोचायचं किरणोत्सर्गी द्रव्य. त्याची अर्धायु (निम्मं उरायला लागणारा वेळ) सहा तास. मुंबईहून नागपुरात पोचेपर्यंत उरणार काय? म्हणून येतो तो मॉलिब्डेनम-९९चा (आमच्या भाषेत मॉलीचा) जनरेटर: आत मॉलीपासून टेक्नेशियम बनत राहतं, ते सलाइनने धुऊन काढायचं, हेच मिल्किंग. मॉलीची अर्धायु ६६ तास. वाटेत एक दिवस जादा गेला तरी २२ टक्के मॉली संपतो. पेटी उघडताना मी आधी कॅलिब्रेशनची तारीख-वेळ (पेटीवरचा आकडा ज्या क्षणाचा, ती) बघते.

मिल्किंगच्या आधी डोस कॅलिब्रेटर, म्हणजे किरणोत्सार मोजणारं यंत्र तपासायचं. बॅकग्राउंड, झीरो, मग ज्ञात आकड्याचा सीझियम-१३७चा सोर्स. रीडिंग त्या दिवसाच्या अपेक्षित आकड्याच्या पाच टक्क्यांत हवं. मे महिन्यात रात्री वीज जाऊन आली असेल तर यंत्र स्थिरावू द्यावं, घाई करू नये. बॅकग्राउंड चढलेलं दिसलं तर चेंबरमधला प्लास्टिकचा लायनर बाहेर काढून पुन्हा मोजते. आकडा उतरला, की टेक्नेशियमचा थेंब लायनरवरच पडलाय. तो धुवायचा, नाहीतर तीन दिवस शिशाआड ठेवायचा; ६० तासांत हजारावा भागच उरतो.

आता सलाइनची व्हायल आधी, निर्वात व्हायल नंतर. क्रम उलटला तर हवा ओढली जाते, व्हॅक्यूम वाया जातो आणि इल्युएट (धुऊन आलेला टेक्नेशियमचा द्रव) कमी येतं. द्रव गढूळ दिसला तर सरळ टाकून द्यायचा. जनरेटरमधल्या ॲल्युमिनातून द्रवात उतरलेलं ॲल्युमिनियम तपासणारी कागदपट्टी मिनिटभराचं काम. मर्यादा १० मायक्रोग्रॅम प्रति मिली.

सोमवारची खरी अडचण वेगळी. शुक्रवारनंतर ७२ तास जनरेटर न दुहिल्यामुळे टेक्नेशियमच्या अणूंपैकी जेमतेम आठ टक्के ९९एम असतात, बाकी साधं ९९, म्हणजे ९९एम विझून उरलेलं, स्कॅनला निरुपयोगी. रसायन तेच, त्यामुळे किटमधला स्टॅनस (टेक्नेशियम औषधाला जोडायला लागणारं कथील) तेही खातं आणि लेबलिंग, म्हणजे ही जोडणी, बिघडतं. आरबीसी (तांबड्या पेशी) किंवा एचएमपीएओ (मेंदूच्या स्कॅनचं औषध) यांच्या लेबलिंगसाठी हे इल्युएट मी वापरत नाही. थायरॉइड स्कॅनला चालतं. सहा तासांनी जवळपास निम्मं पुन्हा भरतं, तेव्हा दुसरं मिल्किंग.

शेवटी इल्युएटमध्ये मॉली उतरला आहे का याची चाचणी, आणि ही कधीच टाळायची नाही. व्हायल शिशाच्या जाड डब्यात ठेवली की टेक्नेशियमचे १४० केईव्हीचे (किरणांच्या ऊर्जेचं एकक) किरण अडतात, मॉलीचे ७४० आणि ७७८चे बाहेर येतात. बॅकग्राउंड वजा करून डब्याचा गुणांक लावायचा. मर्यादा टेक्नेशियमच्या दर मिलिक्युरीला (किरणोत्साराचं एकक) मॉली ०.१५ मायक्रोक्युरी, तीही इंजेक्शनच्या वेळची. टेक्नेशियम भराभर घटतं, मॉली मागे राहतो. गुणोत्तर साडेसहा तासांत दुप्पट होतं. सकाळी आठला ०.०६ आलं असेल तर पावणेपाचला मर्यादा गाठली जाते. म्हणून व्हायलच्या लेबलवर मिलिक्युरीशेजारी मी ‘४.३० नंतर नाही’ असं लाल पेनाने लिहिते.